ट्रेनर टायर खात नाही, घसरणं टायर खातं

ऊन वाढलं की सोलापुरातल्या सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. त्यात म्हटलेलं असतं ते थोडक्यात असं. घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर, सायकल चालवली की मागचा टायर महिन्याभरात संपतो, कारण ट्रेनरवरचा एक तास रस्त्यावरच्या दहा तासांएवढा असतो. रोलरवर रबर वितळतं आणि आपल्याकडच्या उष्म्यात टायर फुटू शकतो, म्हणून हवा कमी ठेवा. टायर घसरू नये म्हणून रोलर जमेल तेवढा आवळा. मागचा टायर झिजला की तो पुढे लावा आणि पुढचा मागे. नाहीतर ट्रेनरचा खास टायर घ्या, तो इतका टणक असतो की रस्त्यावरही वर्षानुवर्षं चालतो. आणि परवडत असेल तर हा ट्रेनर विकून सरळ डायरेक्ट ड्राइव्ह घ्या.

या मेसेजचा परिणाम मी बघतो आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो. सोलापूरचा एप्रिल-मे काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. पारा चाळिशी ओलांडतो आणि सकाळी आठ-साडेआठलाच विजापूर रोडवर डोळे उघडवत नाहीत. पहाटे पाचला बाहेर पडणाऱ्यांचं ठीक आहे. पण रात्रपाळी करून येणारे, घरात तान्हं मूल असणारे, नळाला पाणी यायच्या दिवशी पहाटे भरणीत अडकणारे, अशा कितीतरी जणांना ट्रेनरमुळेच उन्हाळाभर पाय चालू ठेवता येतात. त्यातले काही हा मेसेज वाचून ट्रेनर माळ्यावर टाकतात. दुसरे काही त्यातले सल्ले निमूट पाळतात आणि मग त्यांचे टायर खरोखरच जातात. हा दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण त्या बिचाऱ्यांना वाटतं की मेसेज खरा ठरला.

आधी कुठल्या ट्रेनरबद्दल बोलतो आहोत ते स्पष्ट करू. मागचं चाक सायकलवरच ठेवून, आस स्टँडमध्ये पकडून टायरला धातूचा छोटा रोलर टेकवायचा, तो चाकाचा ट्रेनर. मागचं चाक काढून चेन थेट ट्रेनरच्याच कॅसेटवर (गियरच्या दातेरी चकत्यांवर) चढवायची, तो डायरेक्ट ड्राइव्ह. तिथे टायरचा संबंधच नाही. टायरचा प्रश्न पहिल्या प्रकारात येतो, आणि आपल्याकडे घरोघरी दिसतो तोही बहुतेक हाच.

आता तो एक तास आणि दहा तासांचा हिशेब. 700 सी मापाच्या, 25 किंवा 28 मिलिमीटर रुंदीच्या टायरचा परीघ साधारण 2.1 मीटर भरतो. ताशी 30 किलोमीटरनं तासभर चालवलं तर चाकाचे 14,000 पेक्षा थोडे जास्त फेरे होतात. होटगी रोडवर चालवा किंवा घरातल्या खोलीत, फेरे तेवढेच. म्हणजे झीज दहापट व्हायची असेल तर दर फेऱ्याला दहापट रबर जायला हवं. ते कशानं जाईल, हे मेसेज सांगत नाही.

रस्त्यावर रबर कशानं जातं ते आपल्याला माहीत आहे. आपल्या रस्त्यांची खडी काळ्या बसाल्टची, फोडलेली, धारेची. वरचं डांबर उडालं की ती धार सरळ टायरला लागते. त्यावर वाळू, काचेचे बारीक तुकडे, ऊसाच्या हंगामात ट्रॉल्यांतून सांडलेलं काहीबाही. करकचून ब्रेक दाबला की चाक फरफटतं, वळणावर टायर आडवा घासतो. यातलं एकही रोलरवर नाही. रोलर गुळगुळीत, सायकल वळत नाही, ब्रेक दाबायची वेळ येत नाही. आणि बाभळीचा काटा तर नाहीच. तुळजापूरच्या वाटेवर किंवा नान्नजकडे नियमित जाणाऱ्या कुणालाही विचारा, त्याचे किती टायर झिजून गेले आणि किती काट्या-कापांनी गेले. आपल्याकडचे बरेच टायर झिजायच्या आतच भोकं पडून निवृत्त होतात.

रोलरवर टायरला जास्त सोसावं लागतं ते वेगळं, आणि ते लपवायचं कारण नाही. सपाट रस्त्यावर टायर जमिनीला टेकतो तिथे तो चपटा होतो. बारीक रोलरवर मात्र रोलर टायरच्या आत रुततो. रबर आणि आतलं कापडी धाग्यांचं आवरण उलट्या दिशेला वाकतं, पुन्हा सरळ होतं, आणि हे सेकंदाला चार वेळा चालू राहतं. त्या वाकण्यातून उष्णता निघते. शिवाय सायकल जागची हलत नसल्यामुळे टायर कायम मधल्या एका पट्ट्यावरच टेकतो. म्हणून ट्रेनरवर खूप चाललेल्या टायरला मधोमध चपटी पट्टी पडते, सरळ हायवेवर चाललेल्या टायरला पडते तशीच, फक्त जरा लवकर आणि जास्त रेखीव. नीट लावलेल्या ट्रेनरवर साध्या ट्रेनिंग टायरची झीज एवढ्यावर थांबते. रोज तासभर, ताशी 30 नं, म्हणजे महिन्याला 900 किलोमीटर झाले. एवढ्यात चांगला टायर संपत नाही. थंड देशांत लोक अख्खा हिवाळा एका टायरवर काढतात.

मग ज्यांचा महिन्यात संपला त्यांचं काय? तेही खोटं बोलत नाहीत. त्यांचा टायर घसरत होता.

या सगळ्या वादातला कळीचा मुद्दा हाच, त्यामुळे इथे जरा थांबतो. खोडरबर कागदावर नुसतं लोळवलं तर त्याला काही होत नाही, घासलं की भुगा पडतो. टायरचंही तसंच. रोलरबरोबर तो लोळत असेल तर झीज नगण्य, रोलरवर घासत असेल तर एका आठवड्यातही मधली पट्टी दिसायला लागेल. आणि घसरायचं की नाही हे ठरतं ते टायर रोलरवर किती दाबलेला आहे आणि तुम्ही पेडलवर किती जोर लावता यावर. रस्त्यावर हा दाब आपोआप येतो, कारण तुमच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग मागच्या चाकावर असतो. ट्रेनरवर मात्र मागचा आस स्टँडनं उचलून धरलेला असतो. वजन स्टँडच्या पायांतून जमिनीत जातं. टायरवर दाब येतो तो फक्त रोलरच्या नॉबनं, म्हणजे रोलर टायरवर आवळायच्या पिळानं, जेवढा दिला तेवढा. (अंगाच्या वजनानं टायर रोलरवर टेकेल अशी रचना असलेलेही काही ट्रेनर आहेत, तिथे नॉब पिळायची गरज नसते.) मेसेजच्या एका आवृत्तीत ‘अंगाचं सगळं वजन त्या एवढ्याशा रोलरवर येऊन टायर चिरडतो’ असंही लिहिलेलं आहे. नॉबच्या ट्रेनरवर ते घडतच नाही.

जुळे सोलापुरातला एक मुलगा मागे त्याची सायकल दाखवायला घेऊन आला. ‘‘काका, टायर घसरायलाय का रोलरच खायलाय, काय कळंना झालंय.’’ टायरवर बोटभर रुंद चपटी पट्टी, तीही चमकणारी. नुसत्या झिजलेल्या टायरची पट्टी अशी चमकत नाही, ती मंद काळी दिसते. बोट फिरवलं तर बोटाला तेल. चेनला तेल घालताना सायकल ट्रेनरवरच होती, पेडल उलटं फिरवत त्यानं बाटली धरली होती, आणि चेनवरून उडालेले थेंब टायरवर आणि रोलरवर बसले होते. त्यावर हवा अर्धीमुर्धी. जोर लावला की टायर ‘चर्र’ करायचा, त्याला तो ट्रेनरचाच आवाज वाटायचा. आम्ही स्पिरिट लावलेल्या फडक्यानं टायर आणि रोलर दोन्ही पुसले, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. मग हवा भरली, रोलर नव्यानं लावला. त्याचा तोच टायर अजून चालू आहे.

घसरण तपासायची एक साधी पद्धत आहे. सायकलवरून उतरा, एका हातानं ट्रेनरचं फ्लायव्हील (रोलरला जोडलेलं जड चाक) घट्ट धरा आणि दुसऱ्या हातानं मागचं चाक फिरवायचा प्रयत्न करा. टायर रोलरवरून सरकला तर दाब कमी आहे. नॉबला अर्धा फेरा द्या, पुन्हा बघा. हातानं पुरेसा जोर लावूनही टायर सरकत नसेल तर थांबा, तेवढं पुरे. दुसरी खूण खाली पडते. शहाबादी फरशीवर रोलरच्या खाली थोडी बारीक काळी पूड जमली, फुंकल्यावर उडाली, तर ते नेहमीचंच आहे. पण रबराच्या छोट्या वळ्या, चिकट तुकडे दिसले तर त्याच दिवशी हवा आणि नॉब बघा. टायर कोराकरकरीत असेल तर त्याच्यावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा पातळ थर असतो. तोही आधी पुसून घ्या.

चालवण्याच्या पद्धतीनंही फरक पडतो, आणि हे फार कमी जण सांगतात. समजा तुम्ही 200 वॅट ताकद लावता आहात. चाक ताशी 30 नं फिरत असेल तर टायरच्या कडेला ओढ येते ती सुमारे 24 न्यूटन, म्हणजे अडीच किलोच्या आसपास. तेच 200 वॅट चाक ताशी 10 नं फिरत असताना लावले तर ओढ तिप्पट, सव्वासात किलोच्या वर. त्यामुळे हलक्या गियरमध्ये चाक सावकाश फिरतंय आणि रोलरचा विरोध जबर आहे, अशा वेळी टायर हमखास घसरतो. स्मार्ट ट्रेनरवर, म्हणजे अ‍ॅपला जोडलेल्या आणि विरोध आपोआप बदलणाऱ्या ट्रेनरवर, अ‍ॅपमधला खडा चढ लागला की लोकांचा टायर तिथेच ओरडतो ते यामुळे. जड गियर टाका, चाकाचा वेग वाढवा, ओढ कमी होईल. आणि जागच्या जागी एकदम उभं राहून झटका मारू नका. चाक आधी वेगात येऊ द्या, मग जोर वाढवा.

आता वितळण्याचं आणि फुटण्याचं. टायरचं रबर कच्चं नसतं. गंधकाबरोबर दीडशे अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही वर तापवून ते पक्कं केलेलं असतं, आणि असं रबर पुन्हा वितळून वाहत नाही. ट्रेनरवर अर्धा तास जोरात चालवून टायरला हात लावा. गरम लागेल, पण हात ठेवता येईल. मे महिन्यातल्या दुपारी आपला डांबरी रस्ता साठ अंशांवर सहज जातो, आणि त्याच टायरवर आपण त्या रस्त्यावरून घरी येतो. तेव्हा कुणी रबर वितळेल म्हणून सायकल खांद्यावर घेत नाही.

हवा तापून टायर फुटेल का? हिशेब करून बघू. खोलीत 30 अंश तापमान असताना तुम्ही 100 पीएसआय (पंपाच्या काट्यावरचं दाबाचं एकक) हवा भरली. बाहेरच्या हवेचा दाब 14 च्या आसपास, म्हणजे टायरच्या आतला एकूण दाब 114. आतली हवा 60 अंशांपर्यंत तापली, म्हणजे केल्विनमध्ये 303 वरून 333 झाली, असं धरू. दाब त्याच प्रमाणात, साधारण दहा टक्क्यांनी वाढेल. 114 चे 125 होतील, बाहेरचे 14 वजा केले की पंपाच्या काट्यावर 111 दिसतील. म्हणजे वाढ 11 पीएसआयची. जास्तीत जास्त 120 अशी मर्यादा लिहिलेल्या टायरला याचं काही वाटणार नाही. तुमच्या टायरची मर्यादाच 110 असेल तर 95 वर सुरुवात करा, झालं. रिमवरही मर्यादा लिहिलेली असेल तर तीही बघा. दोन्हींतली जी कमी ती पाळायची.

घरात टायर फुटल्याचे प्रसंग घडतात, त्यांची कारणं वेगळी असतात. टायर चढवताना ट्यूब रिम आणि टायरच्या कडेत चिमटलेली राहते. रिमची पट्टी सरकून स्पोकच्या भोकात ट्यूब घुसते. टायरच्या बाजूला आधीच काप गेलेला असतो. यातलं प्रत्येक कारण रस्त्यावरही टायर फोडतंच, फक्त खोलीत आवाज मोठा होतो म्हणून त्याची गोष्ट होते. हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी टायर बोटांनी दाबून कडेची ट्यूब आत गेली आहे ना, एवढं पाहिलं तरी बरंच काम होतं.

म्हणूनच ‘हवा कमी ठेवा’ हा मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा सल्ला आहे. हवा कमी म्हणजे रोलर आणखी खोल रुतणार, रबर आणखी वाकणार, म्हणजे आणखी तापणार. ज्या उष्णतेला घाबरून हवा काढली तीच वाढली. आणि ढिला टायर घसरतोही लवकर. मग माणूस मेसेजमधला पुढचा सल्ला पाळतो, नॉब आवळतो. करकचून आवळल्यावर घसरणं थांबतं खरं, पण आता टायर इतका दबलेला असतो की पेडल मारायला जड जातं, टायर तापतो, रोलरच्या बेअरिंगवर ताण येतो. हे दोन सल्ले एकत्र पाळले की टायरचं काही खरं नाही.

करायचं ते असं. आधी हवा, मग रोलर. रोडबाइकच्या टायरला 100 पीएसआयच्या आसपास, पण बाजूला छापलेल्या मर्यादेच्या आत. त्यासाठी काटा असलेला फ्लोअर पंप हवा. चौकातल्या दुकानात अंगठ्यानं दाबून ‘झाली बघा’ म्हणतात त्या अंदाजावर ट्रेनर लावू नका. ट्यूबमधून हवा रोज थोडी थोडी झिरपते, त्यामुळे बसण्याआधी दर वेळी काटा बघायचा. मग रोलर टायरला नुसता टेकेपर्यंत आणायचा आणि तिथून पुढे नॉबचे साधारण दोन फेरे. तुमच्या ट्रेनरच्या पत्रकात वेगळा आकडा असेल तर तो प्रमाण माना. स्मार्ट ट्रेनर असेल तर दहा मिनिटं चालवून टायर गरम झाल्यावर स्पिनडाऊन (चाक वेगात आणून मोकळं सोडून ट्रेनरची जुळवणी) करायचं, कारण गार टायर आणि गरम टायर यांची रोलरवरची ओढ वेगळी असते आणि वॅटचा आकडा त्यावर ठरतो. उतरल्यावर रोलर ढिला करून टायरपासून बाजूला करा. रात्रभर दाबून ठेवला तर टायरला एका जागी खळगा बसतो आणि दुसऱ्या दिवशी दर फेऱ्याला ‘ठक ठक’ ऐकू येतं. गच्चीवर पत्र्याखाली ट्रेनर ठेवणाऱ्यांनी हे तर विसरूच नये. आणि टायरवर थेट ऊन येत असेल तर वर काहीतरी टाकून ठेवा, उन्हानं रबराला बारीक भेगा पडतात.

मेसेजमधल्या काही गोष्टींत तथ्य आहे, तेही सांगतो. एमटीबीचे (माउंटन बाइकचे) खोल खाचांचे जाड टायर रोलरवर खरंच लवकर खराब होतात. रबराचा प्रत्येक उंचवटा रोलरवर येताना वाकतो, सुटताना झटका देतो, त्याच्या कडा गोल होत जातात. आवाज एवढा होतो की खालच्या मजल्यावरचे वर येतात. आपल्याकडे ट्रेनर घेणाऱ्यांत एमटीबी आणि हायब्रिडवाले बरेच आहेत, त्यांनी मागे गुळगुळीत, कमी रुंदीचा टायर टाकावा. तो आपल्या रिमवर बसेल याची दुकानात खात्री करून घ्यावी. आणि 100 पीएसआयचा आकडा त्यांच्यासाठी नाही. जाड टायरवर 50 किंवा 65 अशी मर्यादा छापलेली असते, त्याच्यावर जायचं नाही. तसेच शर्यतीचे मऊ रबराचे महागडे टायर. रस्त्याला चिकटून राहावेत म्हणून ते मऊ केलेले असतात आणि रोलरवर त्यांचं रबर इतरांपेक्षा लवकर जातं. ते ट्रेनरवर झिजवू नयेत, एवढंच.

त्यापेक्षा जुना टायर वापरा. आणि आपल्या गावात तो हमखास मिळतो. काट्यांनी चाळण झालेला, रस्त्यावर न्यायचा धीर होत नाही असा टायर प्रत्येकाकडे पडलेला असतो. आतला धागा दिसत नसेल, बाजूला फुगवटा नसेल, रबर वाळून कडक झालेलं नसेल, तर ट्रेनरवर तो उत्तम चालतो, कारण खोलीत काटे नाहीत. आत अडकलेली काट्याची टोकं मात्र चढवण्याआधी नखानं चाचपून काढा. टायर उलटा करून आतून बोट फिरवलं की सापडतात.

मागचा टायर पुढे, पुढचा मागे, हा सल्ला मात्र कुणीच पाळू नये. मागचा टायर पंक्चर झाला, घसरला, तर बहुतेक वेळा सायकल सावरता येते. पुढचा गेला की सावरणं फार कठीण. चपटी पट्टी पडलेला टायर पुढे लावला की वळणावर सायकल सरळ कलत नाही, पट्टीच्या कडेवरून एकदम पलटी घेतल्यासारखी वाटते, आणि भर वेगात ते सावरायला सवड मिळत नाही. बरोबर पद्धत अशी की मागचा संपला की तो काढून टाकायचा, पुढचा चांगला असेल तर मागे न्यायचा आणि नवा टायर पुढे लावायचा. नवा कायम पुढे. मुलांच्या सायकलींनाही हेच.

डायरेक्ट ड्राइव्हबद्दल थोडक्यात. चांगलं यंत्र आहे, आवाज कमी, टायरची काळजी नाही, वॅटचा आकडाही जास्त भरवशाचा. पण टायर वाचवायला म्हणून ते घेणं म्हणजे काही टायरांच्या पैशांऐवजी त्याच्या अनेक पट पैसे घालणं. शिवाय चेन आणि कॅसेट तिथेही झिजतातच. आणि घेण्याआधी आपल्या सायकलचं मागचं चाक बघा. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना सात गियरचं, आट्यांवर बसणारं फ्रीव्हील असतं, कॅसेट नसते. ते डायरेक्ट ड्राइव्हवर चढत नाही. वेगळी कॅसेट, सात गियरची असेल तर स्पेसर, आणि गियर पुन्हा जुळवून घेणं, हा खर्च मेसेज सांगत नाही.

ट्रेनरनं सायकलचं नुकसान होतं म्हणून ज्यांना काळजी वाटते त्यांनी टायरऐवजी घामाकडे बघावं. सोलापूरच्या खोलीत, पंखा लावूनही, तासाभरात हँडलवरून घाम अक्षरशः टपकतो. त्यातल्या मिठानं हेडसेटचे (हँडल जिथे फिरतं त्या सांध्याचे) बोल्ट गंजतात, हँडलच्या टेपखाली अ‍ॅल्युमिनियमला पांढरी बुरशी धरल्यासारखं होतं, आणि ते टेप काढेपर्यंत कळत नाही. टॉवेलांच्या गावात राहतो आपण. एक मोठा सोलापुरी टॉवेल हँडलपासून सीटच्या दांड्यापर्यंत अंथरा, समोर जमिनीवर एक फॅन ठेवा, उतरल्यावर सायकल ओल्या फडक्यानं आणि मग कोरड्यानं पुसा. फॅनचा फायदा तुमच्याबरोबर टायरलाही होतो, फक्त त्याचा झोत मागच्या चाकापर्यंत पोचू द्या.

शेवटी ट्रेनरचा खास टायर. तो मुळीच घेऊ नका असं मी म्हणणार नाही. कॉन्टिनेंटलचा होमट्रेनर, श्वाल्बेचा इनसायडर असे टायर मिळतात. त्यांचं रबर रोलरवरची उष्णता सोसेल असं केलेलं असतं, आवाज कमी होतो, पूडही कमी पडते. रोज ट्रेनरवर बसणाऱ्यानं, विशेषतः ज्याच्याकडे मागचं जादा चाक आहे त्यानं, जरूर घ्यावा. आठवड्यातून दोनदा बसणाऱ्याला जुना टायर पुरतो.

पण तो रस्त्यावर चालतो, हे वाक्य ज्या कुणी मेसेजमध्ये घातलं त्यानं मोठी जोखीम पसरवली आहे. हे टायर बनवणारेच सांगतात की ते रस्त्यासाठी नाहीत. गुळगुळीत, कोरड्या धातूवर, सरळ फिरण्यासाठी ते रबर केलेलं आहे. त्याला वळणावर धरून ठेवायचं नाही, ओल्या डांबरावर थांबवायचं नाही. जूनमधला पहिला पाऊस आठवा. रस्त्यावर उन्हाळाभराचं तेल, धूळ, ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती, आणि त्यावर पाण्याचा शिडकावा. चांगल्या टायरवरही सात रस्त्याच्या चौकात जपून वळावं लागतं. तिथे ट्रेनरचा टायर लावून जाणं म्हणजे सरळ पडायची तयारी. तो टणक आहे म्हणून पंक्चर होत नाही, हेही खरं नाही. काट्यांसाठीचा संरक्षक थर त्याच्यात असेलच असं नाही, कारण घरात त्याची गरजच नसते.

यातले काही टायर कंपन्या निळ्यासारख्या भडक रंगाचे करतात, ते चुकून बाहेर जाऊ नयेत हा त्याचा एक फायदा. तुमचा काळा असेल तर बाजूला पांढऱ्या मार्करनं ठळक लिहून ठेवा: फक्त ट्रेनरसाठी. घरातलं एखादं पोर दूध आणायला तीच सायकल काढून नेईल, आणि पाऊस पडत असेल.